पुढची गाठ चौतिसाची

मागच्या अंकात नेदरलँड्समधल्या सायकलवाटांबद्दल लिहिताना, ‘इथे वाट विचारायची नाही, आकडा वाचायचा’ असं एक वाक्य मी सहज लिहून गेले. पत्रं आली ती त्या एका वाक्यावरच. तेव्हा या वेळचं ‘वाट विचारा’ हे सदर आकड्यांनाच देऊन टाकते.

‘ताई, मी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. मूळचा साताऱ्याचा, सध्या दोन महिने मुलाकडे वेल्डहोव्हनला आहे. परवा त्याची सायकल घेऊन एकटाच निघालो. कोपऱ्यावरच्या खांबावर हिरव्या रंगात २२ लिहिलं होतं, म्हणून २३ शोधत गेलो. ६१ आला, मग ८, मग ४५. तेवीस काही आला नाही. ओयरस्खॉट नावाच्या गावात चर्चसमोर बसून मुलाला फोन केला, तो गाडी घेऊन आला. घरी अजून हसतायत. हे आकडे लावलेत तरी कोणत्या हिशोबाने?’

(काका, तुमचे आकडे मी बदलून छापलेत. नाहीतर कुणीतरी नकाशा उघडून तुमच्या मुलाचं घर शोधून काढेल.)

तुम्ही चुकला नाहीत. आपल्या भाषेने तुम्हाला चकवलं. आपण ‘क्रमांक’ म्हणतो, त्यात ‘क्रम’ बसलेलाच असतो. बावीसनंतर तेवीस येणारच, हे एसटीच्या माणसाला कुणी शिकवायला नको. इथल्या आकड्यांना क्रम नाही. डच लोक त्या खांबाच्या जागेला ‘क्नोपपुंट’ म्हणतात. ‘क्नोप’ म्हणजे गाठ. दोन-तीन सायकलवाटा जिथे एकत्र येतात ती गाठ, आणि तिला दिलेलं नाव म्हणजे आकडा. आपल्याकडे चौकांना पुढाऱ्यांची नावं देतात, इथे ६१ देतात. टिळक चौकानंतर कोणता चौक येणार हे टिळकांच्या नावावरून कळत नाही ना, तसंच हे.

आता तो खांब पुन्हा नीट बघा. गाठीच्या जागी ठळक आकडा असतो, तो म्हणजे ‘तुम्ही इथे आहात’. त्याच्याच आसपास पांढऱ्या पाट्यांवर हिरवे आकडे आणि बाण असतात, ते शेजारच्या गाठींचे. बावीसवर उभं राहिलात तर तिथून ज्या दोन, तीन किंवा चार गाठींकडे थेट जाता येतं तेवढेच आकडे तुम्हाला दिसतील. त्यापलीकडच्या गाठीचा तिथे पत्ता नाही. बहुतेक ठिकाणी शेजारी नकाशाचा फलकही उभा असतो. त्यावर आख्ख्या परिसरातल्या गाठी आणि मधली अंतरं किलोमीटरमध्ये दिलेली असतात. घरून निघताना तो फलक वाचायचा, हव्या त्या गाठी निवडायच्या आणि कागदावर उतरवून घ्यायच्या. मग पुढच्या गाठीचा आकडा तेवढा लक्षात ठेवून चालायचं. ती आली की मागची विसरायची.

दोन गाठींच्या मध्ये जिथे वळायचं असेल तिथे वळणाआधी छोटी पाटी असते: पुढच्या गाठीचा आकडा आणि बाण. पाटी नसेल तर सरळ. हे ‘नसेल तर सरळ’ पचनी पडायला मला वर्ष लागलं. प्रत्येक फाट्यावर थांबून मी इकडेतिकडे बघत बसायचे, आणि मागून येणारी आजीबाई घंटी वाजवून पुढे निघून जायची.

आणि एक गोष्ट, जी तुमच्या मुलाने आधीच सांगायला हवी होती. त्याच खांबांच्या आसपास लाल अक्षरांच्या पांढऱ्या पाट्या असतात, गावाचं नाव आणि किलोमीटर लिहिलेल्या. ती कामावर जाणाऱ्यांची वाट, म्हणजे जवळची. हिरवं म्हणजे हौसेची वाट. ती नदीकाठाने, रानातून, गायींच्या कुरणाला वळसा घालून नेते. ओयरस्खॉटच्या चर्चसमोरही वेल्डहोव्हन किंवा आइंडहोव्हन लिहिलेली लाल पाटी कुठेतरी जवळपास असणारच. पुढच्या वेळी दमलात की हिरवं सोडा आणि लाल धरा. मुलाला फोन करू नका, तो हसतो.

‘आकड्यांचा एवढा घोळ घालण्यापेक्षा सरळ “गुलाबी मार्ग”, “पवनचक्की मार्ग” अशी नावं द्यायची की! पर्यटकाला तेच सोपं नाही का?’ (एक शिक्षिका, नाशिक)

बाई, आधी तसंच होतं. ठरावीक फेऱ्या आखलेल्या असत, प्रत्येकीचं नाव आणि चिन्ह वेगळं. गैरसोय अशी की फेरी चाळीस किलोमीटरची असेल तर चाळीसच करावी लागे. मध्येच पाऊस आला, पोर रडायला लागलं, तर पाट्या फक्त पुढचंच सांगणार.

तुम्ही शिकवता म्हणून फळ्यावर करून बघण्यासारखं एक उदाहरण देते. जुन्या घराची चार तावदानांची खिडकी काढा. पट्ट्या जिथे जुळतात असे नऊ कोपरे, आणि कोपऱ्या-कोपऱ्यांमधल्या बारा लाकडी पट्ट्या. कोपरे म्हणजे गाठी, पट्ट्या म्हणजे वाटा. आता मुलांना विचारा, कोणत्याही कोपऱ्यावर दुसऱ्यांदा न येता किती वेगवेगळ्या बंद फेऱ्या मारता येतील? एकेका तावदानाभोवती चार. शेजारच्या दोन-दोन तावदानांभोवती चार. एक तावदान सोडून उरलेल्या तिघांभोवती चार. आणि बाहेरून आख्ख्या खिडकीभोवती एक. तेरा झाल्या. या तेरांना तेरा नावं आणि तेरा चिन्हं द्यायची म्हटलं, तर मधल्या एकेका पट्टीवर सहा-सहा फेऱ्यांच्या पाट्या येतील. खांब की लग्नाची कमान? आकड्यांच्या पद्धतीत बाराच पट्ट्यांवर जाता-येता पाट्या लावल्या की काम झालं, तेराही फेऱ्या त्यातच आल्या. शिवाय ज्याला फेरी नकोच आहे, फक्त इकडून तिकडे जायचंय, त्याचीही सोय झाली.

खिडकी नऊ तावदानांची केली तर फेऱ्या २१३ होतात. हे मात्र फळ्यावर करायला घेऊ नका, तास संपेल.

‘मी चंद्रपूरकडे भूमिगत कोळसा खाणीत नोकरी केली. तुम्ही लिहिलेलं वाचून आमच्या खाणीची आठवण झाली. खाली आम्ही “पाचवी लेव्हल, तिसरी डिप” असंच बोलायचो. लेव्हल म्हणजे आडवा बोगदा, डिप म्हणजे उताराचा. वरून दिसणारं काहीच खाली नसतं, आकडाच खरा. हा योगायोग समजायचा का?’

हे पत्र मी दोनदा वाचलं. योगायोग नाहीच, काका. ही पद्धत खाणीतूनच वर आलेली आहे.

बेल्जियमचा लिंबर्ग प्रांत माझ्या घरापासून सायकलने दीड-दोन तासांवर आहे. तिथे आस नावाच्या गावात १९०१ साली आंद्रे द्युमाँ या भूगर्भशास्त्रज्ञाला कोळसा लागला. पुढे सात खाणी उभ्या राहिल्या आणि इटली, पोलंड, तुर्कस्तानातून माणसं कामाला आली. मग एकेक करत खाणी बंद पडल्या. शेवटची झोल्डरची, १९९२ साली. आख्ख्या प्रांताचा धंदाच गेला. आता पर्यटन वाढवायचं तर दाखवायचं काय? उंच डोंगर नाहीत, समुद्र नाही. होत्या त्या वाटा, कालव्यांचे काठ आणि कोळसागाड्यांचे ओस पडलेले रूळमार्ग.

हुगो बोलेन हे तिथलेच खाण-अभियंता. जमिनीखाली झाड नाही, देऊळ नाही, सूर्य नाही. अशा ठिकाणी अनोळखी भागात शिरलेल्या कामगाराला वाट सापडावी म्हणून खाणीत बोगद्यांच्या जोडांना आकडे असत. बोलेन यांनी तीच युक्ती वर, उन्हात आणून लावली. १९९५ साली बेल्जियन लिंबर्गमध्ये अशा आकड्यांचं पहिलं जाळं सुरू झालं. चारेक वर्षांत ते सीमा ओलांडून नेदरलँड्समध्ये आलं आणि हळूहळू सगळ्या देशभर पसरलं. आता जर्मनीच्या रूर भागातही आहे. तिथे खांबाच्या डोक्यावर लाल टोपी असते आणि तिच्यावर पांढरा आकडा. रूरसुद्धा कोळशाचाच मुलूख, हे तुम्हाला सांगायला नको.

तुमच्या आणि त्यांच्या पद्धतीत एक फरक आहे, तो तुम्हीच पटकन ओळखाल. ‘पाचवी लेव्हल, तिसरी डिप’ म्हटलं की माणूस नेमका कुठे आहे ते कळतं, चौथी लेव्हल कुठल्या बाजूला तेही कळतं. इथल्या आकड्यातून ते कळत नाही. तो फक्त ओळख सांगतो, ठिकाण नाही.

मी पहिल्यांदा तिकडे गेले तेव्हा गेंकजवळ विंटरस्लागच्या खाणीपाशी थांबले होते. खाणीचे लोखंडी मनोरे अजून उभे आहेत, आत कलादालन आणि चित्रपटगृह झालंय. मागे खाणीतल्या दगडमातीची काळी टेकडी, तिच्यावर बर्चची झाडं उगवलेली. तिथून थोड्या अंतरावर बोक्राइकला तळ्याच्या मधून सायकलवाट काढलीय. दोनशे मीटरच्या वर लांबी, दोन्ही बाजूंना पाणी, आणि आपण इतके खाली की पाण्याची पातळी जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत. बदक माझ्या कानाशी पोहत होतं. तिथल्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. खाणीत होतात का म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘वडील होते. मी फक्त वरच फिरतो.’

‘मावशी, मी डेल्फ्टला शिकते. मागच्या रविवारी आम्हाला एकाच दिवशी ३६ नंबर दोनदा लागला! मैत्रीण म्हणाली आपण गोल फिरून परत आलो. पण पहिल्या ३६ ला पूल होता, दुसऱ्याला नव्हता. काय भानगड?’

भानगड नाही ग, टंचाई आहे. नेदरलँड्समध्ये आकडे सहसा ०१ ते ९९ एवढेच. पाटी छोटी, सायकल पळती, दोन आकडी संख्या एका नजरेत वाचता येते. पण देशभरात गाठी नव्व्याण्णवपेक्षा कितीतरी जास्त आहेत. मग तेच आकडे निरनिराळ्या भागांत पुन्हा वापरतात. दोन छत्तीस एकमेकांपासून लांब राहतील एवढी काळजी घेतात. तुम्ही उत्साहाच्या भरात एका छत्तीसच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेलात. दिवसात दोन छत्तीस म्हणजे पायात दम आहे.

यातून एक धडा मात्र घे. कुणाला फोनवर ‘छत्तीसला भेट’ एवढंच सांगू नकोस. गावाचं नावही सांग. आणि बेल्जियन लिंबर्गमध्ये तीन आकडीही दिसतील, गोंधळू नकोस.

तुला आवडेल म्हणून आणखी एक. रानात कधी गुडघ्याएवढी, मशरूमच्या आकाराची पाटी दिसली तर वाकून वाच. डच लोक तिला मशरूमच म्हणतात, ‘पाडेस्टूल’. वाटाड्यांची ही जुनी पिढी, शंभर वर्षांपासूनची. त्या मशरूमवरही नंबर असतो, पण तो देशात एकमेव. रानात पडलीस आणि मदत हवी असेल तर तो नंबर सांग, जागा नक्की कळते. गाठीचा आकडा त्या कामाचा नाही.

‘डच माणसाला आकडा विचारला की तो उलटा सांगतो. मी ६५ ला जायचं तर ५६ ला पोहोचलो. काही युक्ती?’ (आल्मेरे)

युक्ती तुमच्या तोंडातच आहे, तुम्ही इंग्रजीतून ऐकताय म्हणून सापडत नाही. डचमध्ये ६५ म्हणजे ‘फैफ-एन-सेस्टिख’: पाच आणि साठ. आणि मराठीत? पासष्ट. पाच आणि साठच की! ३४ म्हणजे ‘फीर-एन-डेर्टिख’, चार आणि तीस, आपलं चौतीस. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘साठ पाच’, ‘तीस चार’ असं वाचायला सांगितलं तेव्हा महाराष्ट्रात किती रणकंदन झालं होतं, आठवतंय? त्या वेळी मीही इथे बसून तावातावाने पासष्टची बाजू घेतली होती. आणि त्याच आठवड्यात सायकलवर एका आजोबांचं ‘फैफ-एन-सेस्टिख’ ऐकून, मनात ‘फाइव्ह… सिक्स्टी… फिफ्टी सिक्स’ असं काहीतरी करत चुकीकडे वळले. कुणाला सांगितलं नव्हतं. आता छापूनच आलं.

तर डच ऐका आणि थेट मराठीत उतरवा, मध्ये इंग्रजीला थांबा देऊ नका. फक्त एकोणावर सावध राहा. आपल्याला एकोणचाळीसमध्ये चाळीस ऐकू येतात, तो मात्र ‘नऊ आणि तीस’ म्हणत असतो.

‘मोबाइलमध्ये नकाशा असताना खांबांवर खर्च कशाला?’ (ठाणे)

हिवाळ्यात हातमोजे घालून मोबाइल चालवून बघा. शिवाय इथे सायकल चालवताना फोन हातात धरला तर दंड होतो. आकडे घरी मोबाइलवरच ठरवा, त्यासाठी अॅप आहेत, ‘फीट्सक्नोप’ त्यातलंच एक. वाटेवर मात्र मान वर ठेवा.

‘पाटी फिरवलेली असेल तर? आमच्याकडे तर पाटीचं भंगार होतं.’ (दापोलीहून, गावात अशी पाटी लावायचा विचार असलेले एक वाचक)

इथेही होतं. पाच वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, मी आणि नवरा फाल्कन्सवार्डच्या पुढे सीमेवरच्या आखेलच्या मठाकडे निघालो होतो. रानातल्या एका तिठ्यावर बाण डावीकडे होता. वळलो. दहा मिनिटांनी वाट वाळूत संपली, समोर कुंपण आणि कुंपणापलीकडे एक घोडा. नवरा म्हणाला, ‘पाटी म्हणतेय ना?’ मी म्हटलं, ‘पाटी म्हणतेय, घोडा नाही म्हणत.’ परत तिठ्यावर आलो, तर खांबाला पाटी बांधायची पट्टी सैल झालेली. वाऱ्याने की पोरांनी, देव जाणे, ती खांबाभोवती पाव फेरा फिरली होती. बोटाने ढकलली तर हलत होती.

तेव्हापासून माझा नियम असा: पाटीबरोबर खांबाकडेही बघायचं. पाटी ज्या बाजूला घट्ट असायला हवी तिथे जुन्या पट्टीचा डाग असतो. डाग एकीकडे आणि पाटी दुसरीकडे असेल तर पाटीचं ऐकायचं नाही. वाट बरोबर नाही असं वाटलं तर मागच्या गाठीपर्यंत परत यायचं, अंदाजाने पुढे घुसायचं नाही. परत यायला दोन-चार किलोमीटर, घुसलात तर दुपार जाते.

तुमच्या गावासाठी सांगायचं तर, आकडे रंगवणं हे सगळ्यात स्वस्त काम. इथे पाट्या टिकतात त्या माणसांमुळे. बरीचशी निवृत्त मंडळी स्वयंसेवक असतात. प्रत्येकाकडे ठरावीक तुकडा, तो सायकलने पालथा घालायचा, वाढलेली फांदी कापायची, सैल पाटी आवळायची, गेलेली कळवायची. माझ्या शेजारचे एक गृहस्थ त्यातले. त्यांच्या पिशवीत पाना, कापडाचा बोळा, छोटी कात्री आणि सँडविच असतं. कोकणात जांभा, रान आणि चार महिन्यांचा पाऊस. पाटीवर शेवाळ चढायला एक श्रावण पुरे. तेव्हा पाट्या लावायच्या आधी बोळा घेऊन फिरणारी पाच माणसं मिळतात का ते बघा. मिळाली तर मला कळवा. नाही मिळाली तर पाट्यांचे पैसे साकवाच्या दुरुस्तीला द्या, सायकलवाल्याला तोही लागतोच.

‘आकडे लिहिलेला कागद पावसात भिजतो. तुम्ही काय करता?’ (दोघीतिघींनी विचारलंय)

कागद नाही. रंगारी वापरतात तो मास्किंग टेप, बोटभर रुंद. त्याची वीतभर पट्टी हँडलच्या मधोमध चिकटवायची आणि तिच्यावर शिसपेन्सिलीने आकडे, वरून खाली. बॉलपेन नको, शाईपेन तर नकोच, पहिल्या सरीतच ८ चा ढग होतो. गाठ आली की अंगठ्याने तो आकडा पुसायचा. शिसपेन्सिल ओल्या अंगठ्यानेही थोडीफार पुसली जाते. घरी आल्यावर पट्टी सोलून टाकायची. मी टाकत नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून सत्तावीस पट्ट्या चिकटवलेल्या आहेत, नवऱ्याला हा कचरा वाटतो.